युद्धाआधी तुम्ही काय म्हणालात?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ बाभुळगावच्या वाचनालयाची ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक वही गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. आत वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत आणि ती बाभळीच्या डिंकाने चिकटवलेली आहेत. कागद तपकिरी पडला, कडा झडल्या, पण डिंक काही सुटलेला नाही. त्या वहीतल्या एका पानावर तीन कात्रणं एकाखाली एक आहेत. पहिलं १९६२ च्या लोकसभा निवडणुकीचं : उत्तर मुंबईतून व्ही. के. कृष्ण मेनन विजयी. दुसरं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचं : चीनचा हल्ला. तिसरं नोव्हेंबरचं : यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला निघाले. पहिल्या आणि दुसऱ्या कात्रणाच्या मध्ये गुरुजींनी तांबड्या पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले आहेत : 'आठ महिने'.

आज मी बोलणार आहे ते या दोन शब्दांबद्दल. मत मागायला आलेल्या माणसाची युद्धाबद्दलची आणि परराष्ट्र धोरणाबद्दलची कारकीर्द मतदाराने कशी तपासायची, हा माझा विषय आहे.

विषय कळवला तेव्हा एका कार्यकर्त्याने मला फोनवर विचारलं, "सर, बाभुळगावात हा विषय कशाला? इथे कापसाचा भाव विचारतात." मी त्याला म्हटलं, "मी कापसाच्या भावावरच बोलतोय." अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं तेव्हा तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला. युद्ध थांबलं, भाव कोसळला. त्या चार वर्षांत उभारी घेतलेल्या आणि पाचव्या वर्षी बुडालेल्या वऱ्हाडी कास्तकाराला त्या युद्धाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. ही फार जुनी गोष्ट वाटत असेल, तर ऑगस्ट २०२५ मधलीच सांगतो. रशिया युक्रेनशी लढतोय, आपण रशियाचं तेल घेतो, म्हणून अमेरिकेने आपल्या मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. कापड गिरण्या अडचणीत आल्या. त्याच दिवसांत आपल्या सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकं वेचणीच्या हंगामात, आपला कापूस घरात येत असताना. युक्रेनमध्ये पडलेला तोफगोळा कसा फिरत फिरत बाभुळगावच्या कापूसगाडीवर येतो, ते इथे बसलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे.

माझ्या पिढीने ते ताटातही पाहिलं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिलो मिळायची, अमेरिकेची तांबडी ज्वारी. आईने थापलेल्या त्या भाकरीला कडेने भेगा पडायच्या आणि ती तव्यावरून काढतानाच तुटायची. त्याच्या सहा-सात वर्षं आधी, १९६५-६६ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन भारतासाठी गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते, आणि व्हिएतनाम युद्धावर भारत करत असलेली टीका त्यांना खुपत होती. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचे, पुसदचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याचा ध्यास त्यांनी का घेतला, हे त्या जहाजांकडे पाहिल्याशिवाय समजत नाही.

आता १९६२ च्या उत्तर मुंबईतल्या निवडणुकीकडे येतो. भारतात लोकसभेची एखादी निवडणूक जवळजवळ पूर्णपणे संरक्षण आणि परराष्ट्र धोरणावर लढली गेली असेल, तर ती हीच. रस्ता, पाणी, जात, धर्म हे मुद्दे नव्हते असं नाही, पण ते मागे पडले होते. एका बाजूला देशाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन. दुसऱ्या बाजूला आचार्य जीवतराम भगवानदास कृपलानी, गांधीजींचे चंपारणपासूनचे सहकारी, स्वातंत्र्य मिळालं तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष, वय ७३. ते अपक्ष उभे होते आणि काँग्रेसविरोधातले बहुतेक पक्ष त्यांच्या मागे होते.

कृपलानी बिहारमधल्या सीतामढीचे खासदार होते. सुरक्षित जागा सोडून ते मुंबईत आले ते केवळ मेनन यांच्याशी सामना व्हावा म्हणून. एप्रिल १९६१ मध्ये लोकसभेत त्यांनी मेनन यांच्यावर जे भाषण केलं, ते आपल्या संसदेच्या इतिहासातल्या सर्वांत घणाघाती भाषणांपैकी एक मानलं जातं. एकही गोळी न झाडता देशाची हजारो चौरस मैल भूमी गेली, सैन्यात गट पडले, पैसा वाया गेला, असे त्यांचे आरोप होते. १९५९ मध्ये लडाखमध्ये कोंगका खिंडीजवळ आपले जवान मारले गेले होते. अक्साई चीनमधून चीनने रस्ता काढल्याचं संसदेला कळलं होतं. सेनाप्रमुख थिमय्यांनी मेनन यांना कंटाळून राजीनामा दिला होता आणि नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला होता. हे सगळं लोकांसमोर होतं.

मेनन यांच्या बाजूनेही मांडण्यासारखं पुष्कळ होतं. जानेवारी १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत काश्मीरवर ते दोन दिवस मिळून जवळजवळ आठ तास बोलले आणि नंतर कोसळले. त्या भाषणाने ते देशात घराघरांत पोचले. शस्त्रं देशात बनली पाहिजेत हा त्यांचा आग्रह होता. देशातली पहिली सैनिक शाळा त्यांच्याच काळात, जून १९६१ मध्ये साताऱ्याला सुरू झाली. आणि मतदानाला दोन महिने राहिले असताना, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता दीड-दोन दिवसांत संपली. गोव्याच्या सत्याग्रहात मराठी माणसाने रक्त सांडलं होतं. मुंबईच्या मतदाराला त्या विजयाचं काय वाटलं असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

प्रचारात पंडित नेहरू स्वतः उतरले. दिलीपकुमार उतरले. संयुक्त महाराष्ट्रासाठी नेहरूंवर आसूड ओढलेल्या आचार्य अत्र्यांनी आपलं 'मराठा' दैनिक मेनन यांच्या बाजूने उभं केलं. 'टाइम' या अमेरिकी साप्ताहिकाने मेनन यांचा चेहरा मुखपृष्ठावर छापला. निकाल लागला तेव्हा मेनन सुमारे १ लाख ४५ हजार मतांनी जिंकले होते. कृपलानींना त्यांच्या निम्मीच मतं पडली होती.

२० ऑक्टोबरला चिनी फौजा उतरल्या. ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातून गेले.

इथे बरेच लोक लगेच म्हणतात, मतदार चुकला. मला तसं म्हणवत नाही. कारण मतदारासमोर काय होतं आणि काय नव्हतं, हे आधी पाहिलं पाहिजे. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे कोल्हापूरकडचे मराठी सेनानी तेव्हा पूर्व विभागाचे प्रमुख होते. त्यांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये चीनच्या संभाव्य हल्ल्याविषयी एक टिपण वर पाठवलं. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन, हल्ला झाला तर कुठली ठाणी टिकतील, कुठली पडतील आणि अडवायचं कुठे, हे मांडून दाखवलं. मेनन यांनी ते इशारे उडवून लावले, असं थोरातांनी आपल्या आठवणींत लिहिलं आहे. ते मे १९६१ मध्ये निवृत्त झाले. पुढच्या फेब्रुवारीत पार्ल्याच्या, बांद्र्याच्या, कुर्ल्याच्या मतदाराने मत दिलं तेव्हा त्याला गोव्याचा विजय दिसत होता, आणि थोरातांचं टिपण कपाटात होतं. संरक्षणमंत्र्याने इशारा मिळाल्यावर काय केलं, हीच तर त्याची खरी कारकीर्द. नेमकं तेवढंच पान फाडून बाकीचं पुस्तक मतदाराच्या हातात दिलं होतं.

कृपलानींचीही वही तपासू. ते बरोबर ठरले म्हणून त्यांना सूट द्यायची नाही. तेच कृपलानी काही वर्षांपूर्वी लोकसभेत गांधीजींचा दाखला देऊन वाढत्या लष्करी खर्चाबद्दल खंत व्यक्त करत होते. सैन्य दुबळं ठेवलं म्हणून मेनन यांना जाब विचारणाऱ्याने आधी सैन्यावरच्या खर्चालाच आक्षेप घेतला होता, हे त्या प्रचारात कुणी ठळकपणे पुढे आणल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही. माझं मत असं की कृपलानींचा १९६१ चा इशारा खरा होता आणि तो देण्याचं धैर्य मोठं होतं. पण इशारा देणारा आणि उपाय असणारा ही दोन माणसं वेगळी असू शकतात.

आणि आता पुढचं ऐका, कारण माझ्या दृष्टीने ते जास्त महत्त्वाचं आहे. १९६७ मध्ये मेनन पुन्हा मुंबईतून उभे राहायला निघाले. स. का. पाटलांच्या मुंबई काँग्रेसने त्यांना तिकीट दिलं नाही. ते अपक्ष उभे राहिले आणि काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे म्हणजे आयसीएस अधिकारी, पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरणारा कर्तबगार माणूस. निकालानंतर काही दिवसांतच त्यांचं निधन झालं. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवलं. या दोन्ही वेळी मेनन यांच्याविरुद्ध सर्वांत मोठा मुद्दा कुठला होता? १९६२ मध्ये जिथे हरलो ते थागला? सेला? बोमडिला? नाही. ते बाहेरचे आहेत, केरळचे आहेत, मराठी नाहीत, हा. १९६२ च्या पराभवाचा हिशेब मतपेटीत कधी झालाच नाही. एकदा गोव्याच्या आनंदात मत पडलं आणि एकदा मातृभाषेच्या प्रश्नावर. मधल्या युद्धात ज्यांनी सुती कपड्यांत बर्फात प्राण सोडले, त्यांच्या नावाने विचारायचा प्रश्न दोन्ही वेळा राहून गेला.

तिकीट कोण देतं, हा मुद्दा मी मुद्दाम काढला. अमेरिकेत अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण असावा हे ठरवायला त्या पक्षाचे सामान्य मतदार राज्याराज्यांत मतदान करतात. त्याला प्रायमरी म्हणतात. एकाच पक्षाची माणसं एकमेकांसमोर उभी राहतात, त्यामुळे आपला आणि परका पक्ष हा आडोसा राहत नाही आणि एकेकाची जुनी वही उघडावी लागते. २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात हेच झालं. इराकवर हल्ला करण्याचा अधिकार अध्यक्ष बुश यांना द्यावा की नाही, यावर ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतं पडली होती. पुढे २००८ च्या शर्यतीत उतरलेल्या हिलरी क्लिंटन, जो बायडन, जॉन एडवर्ड्स या तिघांनी होकार दिला होता. बराक ओबामा तेव्हा इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते. मतदानाच्या नऊ दिवस आधी, २ ऑक्टोबरला, शिकागोच्या सभेत त्यांनी या युद्धाला उघड विरोध केला. साडेपाच वर्षांनी ती एक तारीख त्यांच्या प्रचाराचा कणा झाली.

त्यातही तपासण्यासारखं आहे. ओबामांना वॉशिंग्टनमध्ये मत द्यायचंच नव्हतं. क्लिंटन यांना द्यायचं होतं. सभेत बोलणं आणि नोंदवहीत नाव घालून मत देणं यांचं वजन सारखं नसतं. तरी ओबामांच्या बाजूने एक गोष्ट उरते : ते युद्धाआधी बोलले. २०१६ मध्ये रिपब्लिकन प्रायमरीत डोनाल्ड ट्रम्प यांनी इराक युद्ध ही घोडचूक होती असं भर वादसभेत सांगितलं, आणि आपला आधीपासून विरोध होता असा दावा केला. पण २००२ मधली त्यांची एक रेडिओ मुलाखत निघाली, त्यात विचारल्यावर त्यांनी काहीसं चाचरत होकारच दिला होता. तारीख तपासली की दावा असा उघडा पडतो.

पण प्रायमरी म्हणजे जादूची कांडी नव्हे. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनाम युद्धाला मोकळीक देणारा टोंकिनच्या आखाताचा ठराव आला तेव्हा अख्ख्या सिनेटमध्ये दोघांनीच विरोध केला, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. १९६८ मध्ये देश युद्धाविरुद्ध पेटून उठला होता. जॉन्सन यांना त्यांच्याच पक्षातून आव्हान देणारे युजीन मॅकार्थी तरुणांचे नायक झाले. मॅकार्थींनी १९६४ मध्ये त्या ठरावाच्या बाजूनेच मत दिलं होतं. आणि ग्रुएनिंग त्याच १९६८ मध्ये प्रायमरीत हरले, मोर्स मुख्य निवडणुकीत हरले. अफगाणिस्तान युद्धाआधी ४२० विरुद्ध १ अशा मतदानातलं ते एकटं मत देणाऱ्या बार्बरा ली २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातून सिनेटच्या प्रायमरीत पडल्या. कृपलानींची गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. आधी बोलणाऱ्याला लोक आधी पाडतात. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण ते खरं आहे.

आता आपल्या जिल्ह्यातली एक वही उघडतो. लोकनायक बापूजी अणे, वणीचे, पुढे यवतमाळचे. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना १९४१ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस नेत्यांची धरपकड झाली तेव्हा ते त्या मंडळात होते. त्याच 'भारत छोडो' आंदोलनात या बाभुळगावचे जवाहरलाल दर्डा, विशीही न ओलांडलेले, तुरुंगात गेले. एकाच जिल्ह्यातली दोन माणसं, एक सरकारात आणि एक सरकारच्या कोठडीत. १९४२ च्या डिसेंबरात कुणी मला बापूजींबद्दल विचारलं असतं, तर मी त्यांच्यावर फुली मारली असती. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचं उपोषण आरंभलं आणि सरकार त्यांना सोडेना, तेव्हा बापूजींनी राजीनामा दिला. त्यांच्याबरोबर होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार बाहेर पडले. माणसाची कारकीर्द एका मताने किंवा एका पदाने मोजू नये, हे मला या वहीने शिकवलं. सत्तेत असताना खुर्ची कशासाठी सोडली आणि कशासाठी सोडली नाही, हेही तिच्यात मांडावं लागतं. पुढे १९६२ मध्ये बापूजी नागपूरहून अपक्ष निवडून आले. चीनच्या हल्ल्यानंतर लोकसभेने आक्रमकाला हाकलून लावण्याच्या निर्धाराचा ठराव केला, त्या सभागृहाचे ८२ वर्षांचे बापूजी सदस्य होते.

आपल्याकडे अडचण वेगळीच आहे. अमेरिकेत ७७ विरुद्ध २३ अशी नोंद निघते, कारण तिथे मतदान होतं. आपल्याकडे युद्ध असो की करार, निर्णय मंत्रिमंडळाचा असतो. त्यासाठी संसदेचं मत घ्यावंच असं बंधन नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर खासदारकी जाते. जुलै २००८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून सरकार पणाला लागलं आणि २७५ विरुद्ध २५६ असा विश्वासदर्शक ठराव झाला. परराष्ट्र धोरणावर खासदारांची नावनिशीवार नोंद व्हावी असे प्रसंग आपल्याकडे इतके कमी आहेत की ते बोटांवर मोजावेत. मग आपल्या खासदाराची वही भरायची कशाने? त्याने सभागृहात विचारलेल्या प्रश्नांनी, केलेल्या भाषणांनी, आणि तो कधी गप्प बसला त्या तारखांनी. हे सगळं आज लोकसभेच्या संकेतस्थळावर मिळतं. गुरुजींना त्यासाठी आठवड्याचा शिळा पेपर मागून आणावा लागे. आज कॉलेजातली मुलगी मोबाइलवर दहा मिनिटांत काढू शकते. कापसावरचं शुल्क माफ झालं तेव्हा आपला खासदार, आपला आमदार काय म्हणाला, कुठल्या तारखेला म्हणाला, की भाव पडल्यावर महिन्याने म्हणाला, एवढं तरी काढा.

आणि एक कागद आपल्याला मिळालाच पाहिजे. १९६२ च्या पराभवाची सैन्याने चौकशी केली होती. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९६३ मध्ये अहवाल दिला. यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ ला त्यावर लोकसभेत निवेदन केलं, पण अहवाल मांडला नाही. तेव्हा ते समजण्यासारखं होतं. जखम ताजी होती, सैन्य सावरत होतं, आणि ते सावरण्याचं काम यशवंतरावांनी चोख केलं, १९६५ च्या युद्धाने ते दाखवून दिलं. पण त्यानंतर सगळ्या रंगांची सरकारं आली. विरोधात असताना हा अहवाल मागणारे सत्तेवर येऊन तो झाकून बसले. नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने २०१४ मध्ये त्याचा काही भाग बाहेर काढला. म्हणजे उत्तर मुंबईच्या मतदाराच्या नातवाला आपल्याच युद्धाबद्दलचं सत्य ऑस्ट्रेलियातल्या माणसाकडून तुकड्या-तुकड्याने घ्यावं लागलं. मला याची लाज वाटते.

गुरुजींची वही आज मी वाचनालयाच्या स्वाधीन करतो आहे. शेवटची बरीच पानं कोरी आहेत. ती भरायची जबाबदारी वाचनालयाने घ्यावी, ही माझी विनंती. सभागृहाबाहेर टेबलावर एक पत्र ठेवलं आहे. हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल पूर्ण प्रसिद्ध करावा, ही मागणी संसदेत मांडा, असं आपल्या खासदारांना लिहिलेलं ते एक पानी पत्र आहे. आधी वाचा. पटलं तर सही करा.